पुढची गोष्ट सांगण्यासाठी मागे जाणे: दुसऱ्या ‘गॉडफादर’चा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मारिओ पुझो यांची, न्यू यॉर्कमधील कॉर्लिओनी या माफिया कुटुंबावरची ‘द गॉडफादर’ ही कादंबरी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसली. तिचे चित्रपटहक्क पॅरामाउंट स्टुडिओने पुस्तक पूर्ण होण्यापूर्वीच स्वस्तात घेऊन ठेवले होते. तरीही चित्रपट काढावा की नाही याबाबत स्टुडिओ साशंक होता, कारण आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्याने माफियांवर काढलेला ‘द ब्रदरहूड’ तिकीटबारीवर साफ पडला होता. दिग्दर्शक म्हणून निवड झालेले फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी तेव्हा नुकतीच तिशी ओलांडली होती आणि त्यांनाही हे काम मनापासून नको होते. परंतु त्यांची स्वतःची ‘अमेरिकन झोएट्रोप’ ही संस्था वॉर्नर ब्रदर्सच्या कर्जात अडकलेली असल्यामुळे त्यांनी ते पत्करले.

पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीतील ओढाताण सर्वश्रुत आहे. कथा चालू काळात आणावी, म्हणजे जुन्या मोटारी आणि जुने कपडे यांवरचा खर्च वाचेल, असे स्टुडिओचे म्हणणे होते; कपोलांना ती १९४० च्या दशकातच हवी होती. स्टुडिओला मार्लन ब्रँडो नको होते आणि अल पचिनो तर मुळीच नको होते. चित्रीकरण चालू असताना आपली हकालपट्टी होणार, अशी धास्ती दिग्दर्शकाला अनेक दिवस होती. सुमारे ६०-७० लाख डॉलर खर्चून तयार झालेला हा तीन तासांचा चित्रपट मार्च १९७२ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्या काळापर्यंतच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत अग्रस्थानी गेला. १९७३ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, अभिनेता आणि रूपांतरित पटकथा असे तीन पुरस्कार मिळाले. ब्रँडो यांनी आपला पुरस्कार नाकारला.

प्रस्तुत प्रकरण येथून सुरू होते. एवढ्या मोठ्या यशानंतर दुसरा भाग काढण्याची मागणी होणार, हे उघडच होते. तो काढताना कोणते निर्णय घेतले गेले, त्यांतले कोणते विचारपूर्वक होते, कोणते नाइलाजाने घ्यावे लागले आणि पहिल्या चित्रपटाशी ताडून पाहता त्यांचे काय झाले, एवढ्यापुरताच हा अभ्यास मर्यादित आहे.

प्रश्न नेमका काय होता

व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर स्टुडिओपुढे प्रश्न नव्हताच. पॅरामाउंटची मालकी असलेल्या गल्फ अँड वेस्टर्न या कंपनीचे प्रमुख चार्ल्स ब्लुडॉर्न यांना दुसरा भाग हवा होता आणि लवकर हवा होता. त्या काळची रीत अशी होती की दुसरा भाग कमी खर्चात, घाईने काढायचा आणि पहिल्याच्या पुण्याईवर जेवढा गल्ला जमेल तेवढा पदरात पाडून घ्यायचा. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या मालिकेचे १९६८ ते १९७३ या काळात पाच चित्रपट निघाले आणि भागागणिक खर्च आखडत गेला, हे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते.

खरी अडचण कथेची होती. पहिला चित्रपट आपल्या जागी पूर्ण आहे. कुटुंबप्रमुख म्हातारा व्हिटो टोमॅटोच्या वाफ्यात कोसळून मरतो, थोरला सनी टोलनाक्यावर गोळ्यांनी चाळण होऊन पडतो, धाकटा मायकल गादीवर बसतो आणि त्याच्या बायकोच्या तोंडावर दार बंद होते. प्रेक्षकांनी ज्यांच्यावर सर्वाधिक जीव लावला ती दोन्ही माणसे, ब्रँडो यांचा व्हिटो आणि जेम्स कान यांचा सनी, कथेत उरलेलीच नव्हती. राहिला होता तो पचिनो यांचा मायकल, आणि त्याच्या बाबतीत आणखी एक पेच होता. मायकल शेवटी राक्षस झालेला आहे असे दिग्दर्शकाला दाखवायचे होते. प्रेक्षक मात्र त्याच्या थंड हुशारीवर लुब्ध होऊन बाहेर पडत होते. आपण या कुटुंबाला नकळत फार लोभस करून ठेवले, ही बोच कपोलांनी पुढे अनेक मुलाखतींत बोलून दाखवली आहे.

म्हणजे मागणी होती तोच पदार्थ पुन्हा वाढण्याची, आणि स्वयंपाक्याला तर पहिल्या पंगतीत गोड जरा जास्तच झाले असे वाटत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय नकाराचा होता आणि कपोलांचा कल सुरुवातीला तिकडेच होता. दुसरा पर्याय त्यांनी स्वतःच सुचवला: आपण निर्माता म्हणून राहावे आणि दिग्दर्शन मार्टिन स्कोर्सेसी या तरुण दिग्दर्शकाकडे द्यावे. स्टुडिओने तो फेटाळला. आज ही सूचना दूरदृष्टीची वाटते. त्या वेळी मात्र स्कोर्सेसींचे नाव स्टुडिओच्या दृष्टीने अगदीच कच्चे होते.

तिसरा पर्याय सरळ होता. मायकलची गोष्ट जिथे थांबली तिथून पुढे न्यायची, नवे शत्रू आणायचे, नव्या हत्या घडवायच्या. चौथा पर्याय मागे जाण्याचा होता, आणि त्यासाठी लागणारे साहित्य घरातच पडून होते. पुझो यांच्या कादंबरीत व्हिटोच्या तरुणपणावर एक अख्खा विभाग आहे आणि पहिल्या चित्रपटात जागेअभावी तो संपूर्ण वगळलेला होता. केवळ त्याच्या आधारे एक स्वतंत्र चित्रपट सहज उभा राहिला असता. तो लोकप्रियही झाला असता असे मला वाटते, कारण गरीब निर्वासित मुलगा मोठा होतो ही कथा कोणत्याही देशात चालते.

कपोलांनी निवडला तो पाचवा मार्ग. बाप आणि मुलगा साधारण एकाच वयाचे असताना काय करत होते, हे आलटून पालटून दाखवणारी पटकथा लिहावी, असा विचार त्यांच्या मनात या चित्रपटाच्या आधीपासून घोळत होता. तोच साचा त्यांनी येथे वापरायचे ठरवले: एका बाजूला १९०१ पासून पुढे, सिसिलीतील अनाथ पोरापासून न्यू यॉर्कमधील डॉनपर्यंत चढत गेलेला व्हिटो, दुसऱ्या बाजूला १९५८ पासून पुढे, सर्व काही मिळवून एकेक माणूस गमावत जाणारा मायकल. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. एक संपल्यावरच दुसरे सुरू होते, म्हणून श्रोता गोंधळत नाही. येथे दोन्ही रंग एकमेकांत कालवण्याचा बेत होता, आणि जोखीम होती ती तिथेच.

अटी आणि नाव

ब्लुडॉर्न यांनी आग्रह सोडला नाही, तेव्हा कपोलांनी अटी घातल्या. पहिल्या चित्रपटाच्या वेळी ज्यांच्याशी सतत खटके उडाले ते निर्मितिप्रमुख रॉबर्ट एव्हान्स या चित्रपटापासून पूर्णपणे दूर राहतील. निर्माता कपोला स्वतः असतील. आणि चित्रपटाचे नाव ‘द गॉडफादर भाग दुसरा’ एवढेच असेल. पहिल्या दोन अटी तुलनेने सहज मान्य झाल्या. अडले ते नावावर.

आज आकडा लावलेल्या चित्रपटांची एवढी सवय झाली आहे की यात अडण्यासारखे काय होते, हे चटकन कळत नाही. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत तेव्हा ही पद्धत रूढ नव्हती. पुढच्या चित्रपटाला ‘अमक्याचा सूड’, ‘तमक्याचे पुनरागमन’ अशी नावे दिली जात. नुसते ‘भाग दुसरा’ म्हटले तर हा आपण पाहिलेल्याच चित्रपटाचा उत्तरार्ध आहे असे समजून लोक येणारच नाहीत, अशी स्टुडिओला भीती होती. मराठी वाचकाला ही भीती जरा गमतीची वाटेल, कारण खंड पहिला आणि खंड दुसरा अशी पुस्तके आपण नित्य पाहतो आणि दुसरा खंड हातात घेताना तो पहिल्याची नक्कल असेल असे आपल्या मनातही येत नाही. कपोलांच्या डोळ्यांसमोर असाच आदर्श होता, रशियन दिग्दर्शक आयझेन्स्टाइन यांच्या ‘इव्हान द टेरिबल’च्या दोन भागांचा. नाव अखेर तेच राहिले.

या निर्णयाचे महत्त्व जाहिरातीपुरते नव्हते. ‘भाग दुसरा’ म्हटल्यामुळे दोन्ही चित्रपट मिळून एकच कृती आहे असा दावा झाला आणि दुसऱ्या भागाला पहिल्याची उलटतपासणी करण्याचा अधिकार मिळाला.

चित्रीकरणातील वळणे

ऑक्टोबर १९७३ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. खर्चाचा आकडा या वेळी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होता. न्यू यॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांची तपासणी इटलीतील ट्रिएस्ट येथे चित्रित झाली. हवानाचे प्रसंग डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो दोमिंगो येथे घेतले गेले, जिथे गल्फ अँड वेस्टर्नचे मोठे हितसंबंध होते. क्युबातील अमेरिकी भांडवलाची खिल्ली उडवणारे प्रसंग एका अमेरिकी कंपनीच्याच प्रभावक्षेत्रात चित्रित व्हावेत, यातील विसंगती त्या युनिटमध्ये कोणाच्याच लक्षात आली नसेल असे वाटत नाही. सांतो दोमिंगोत पचिनो यांना न्यूमोनिया झाला आणि काम काही आठवडे रखडले.

पण अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या अडचणी माणसांच्या होत्या, आणि त्यांतल्या दोन सविस्तर पाहण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण क्लेमेंझाची. पहिल्या चित्रपटातला हा गुबगुबीत, सॉस कसा करावा हे मायकलला शिकवणारा कुटुंबाचा साथीदार दुसऱ्या भागात कुटुंबाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहणार होता. भूमिका करणारे रिचर्ड कॅस्टेलानो यांच्याशी बोलणी फिसकटली. नव्या नटाला त्याच नावाने उभे करणे हा सोपा उपाय होता. कपोला आणि पुझो यांनी क्लेमेंझाला मेलेला दाखवले आणि फ्रँकी पेंटँजेली हे नवे पात्र लिहिले, जे नाटककार मायकल गॅझो यांनी साकारले. यात मिळाले ते असे की पेंटँजेली हा जुन्या जगाचा उरलेला माणूस म्हणून ताजा उभा राहिला. लेक टाहो या तळ्याकाठच्या मेजवानीत तो वाद्यवृंदाला टारांटेला हे इटालियन लोकनृत्याचे संगीत वाजवायला सांगतो आणि त्यांना ते वाजवताच येत नाही, हा प्रसंग त्याच्यामुळेच एवढा बोचतो. गमावले ते असे की विश्वासघाताचे वजन घटले. चित्रपटाच्या दुसऱ्या धाग्यात ब्रुनो कर्बी यांनी रंगवलेला तरुण क्लेमेंझा व्हिटोबरोबर गालिचा चोरताना दिसतो. तोच माणूस म्हातारपणी व्हिटोच्या मुलाविरुद्ध सिनेटच्या चौकशी समितीपुढे शपथ घेताना दिसला असता, तर दोन्ही काळांना जोडणारी एक जिवंत गाठ तयार झाली असती. पेंटँजेली कितीही उत्तम असला तरी ती गाठ तो बांधू शकत नाही.

दुसरी अडचण ब्रँडो यांची. चित्रपटाच्या शेवटाकडे एक छोटी आठवण येते. डिसेंबर १९४१ मधला पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिवस आहे आणि व्हिटोचा वाढदिवस. टेबलाभोवती मुले जमली आहेत, वडील अजून यायचे आहेत. या प्रसंगात ब्रँडो काम करणार होते. जेम्स कान त्यासाठी खास परत आले. ब्रँडो आलेच नाहीत. प्रसंग ऐनवेळी बदलावा लागला, आणि तो बदललेला प्रसंग माझ्या मते दोन्ही चित्रपटांतला सर्वांत बोलका आहे. मायकल सैन्यात भरती झाल्याचे सांगतो. सनी भडकतो. त्याचे अभिनंदन करायला हात पुढे करतो तो एकटा मधला भाऊ फ्रेडो, ज्याला याच मायकलने, चित्रपटात थोड्याच वेळापूर्वी, तळ्यावर मारवले आहे. मग वडील आल्याची चाहूल लागते, सगळे उठून बाहेर धावतात, बाहेरून जल्लोष ऐकू येतो आणि मायकल टेबलाशी एकटा बसून राहतो. ब्रँडो त्या दारातून आत आले असते तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि लक्ष बापाकडे गेले असते. बाप केवळ आवाजांतून जाणवतो म्हणून कॅमेऱ्याला मुलावर थांबता आले. हा निर्णय कोणी सुचवला म्हणून झाला नाही. नट आला नाही म्हणून झाला. त्या गैरहजेरीचा उपयोग एका दिवसात ओळखणे, एवढे श्रेय मात्र निर्विवाद दिग्दर्शकाचे आहे.

तिसरी बाब अडचणीची नव्हे, सूचनेची आहे. मायकलची बायको के आपल्या पोटातल्या मुलाचा गर्भपात करवून घेते आणि ते मायकलच्या तोंडावर सांगते, ही कल्पना मायकलची बहीण कॉनी हिची भूमिका करणाऱ्या टालिया शायर यांची, असे कपोलांनीच सांगितले आहे. शायर या कपोलांच्या भगिनी. आणि आई जिवंत असेपर्यंत फ्रेडोला हात लावायचा नाही, हा आग्रह पुझो यांचा होता. कथा एकट्याच्या डोक्यातून निघत नाही, याची ही दोन ठळक उदाहरणे.

संकलनाच्या टेबलावर

सर्वांत कठीण निर्णयबिंदू चित्रीकरण संपल्यावर आला. प्राथमिक संकलन पाहून कपोलांचे मित्र जॉर्ज लुकास यांनी असा अभिप्राय दिला की तुझ्याजवळ दोन चित्रपट आहेत, त्यांतला एक टाकून दे. प्रदर्शनाला अगदी थोडे दिवस उरले असताना झालेल्या चाचणी खेळांतही प्रेक्षक गोंधळलेले दिसले. व्हिटोच्या काळात मन जरा रमते न रमते तोच मायकलचा काळ सुरू होई, आणि तिथे सूत्र लागते न लागते तोच पुन्हा मागे जावे लागे.

येथे तीन मार्ग होते. लुकास यांचा सल्ला मानून एक धागा काढून टाकणे. दोन्ही धागे क्रमाने, आधी बाप आणि मग मुलगा असे लावणे. किंवा रचना तीच ठेवून ये-जा कमी करणे. कपोला आणि त्यांचे संकलक पीटर झिनर, बॅरी माल्किन आणि रिचर्ड मार्क्स यांनी तिसरा मार्ग घेतला. काळ बदलण्याच्या जागा कमी केल्या गेल्या आणि प्रत्येक काळात प्रेक्षकाला जास्त वेळ राहू दिले गेले. ऐकायला ही दुरुस्ती किरकोळ वाटते, पण कीर्तनाचीच उपमा पुढे न्यायची तर दोन रंग कालवलेलेच राहिले, फक्त प्रत्येक रंगाला दम धरायला अवधी मिळाला.

दृश्यपातळीवर या ये-जा करण्याला छायालेखक गॉर्डन विलिस यांनी मोठा आधार दिला. व्हिटोचा काळ जुन्या छायाचित्रासारख्या पिवळट, उबदार उजेडात आहे. मायकलचा काळ गार आणि काळोखा. कोणत्या काळात आलो हे सांगायला अक्षरांची पाटी लागत नाही. विलिस यांना दोन्हींपैकी एकाही चित्रपटासाठी ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही, ही गोष्ट आज वाचताना खरी वाटत नाही.

पहिल्याशी तुलना

दोन्ही चित्रपटांची सुरुवात मुद्दाम सारखी ठेवलेली आहे आणि तुलना करायची तर तिथूनच करावी. पहिल्यात १९४५ मधले कॉनीचे लग्न आहे. बाहेर ऊन, गाणी, वाइन, शेजारीपाजारी. आत पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत व्हिटो लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. आत आणि बाहेर यांत फक्त एका दाराचे अंतर आहे आणि व्हिटो दोन्हीकडे सहज वावरतो. दुसऱ्यात १९५८ मधला, मायकलच्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनचा (या ख्रिस्ती धर्मविधीचा) सोहळा आहे. तळ्याकाठी मोठी मेजवानी, भाडोत्री वाद्यवृंद, ओळखीचे चेहरे थोडेच. लग्नाला नेत्यांनी भेटी पाठवल्या होत्या, स्वतः यायचे टाळले होते. येथे एक सिनेटर जाहीरपणे मंचावर उभा राहून धनादेश स्वीकारतो, भाषणात कुटुंबाचे नाव चुकीचे उच्चारतो आणि खासगीत त्याच नावाची टवाळी करतो. प्रतिष्ठा वाढली, आदर गेला; चित्रपट हे सांगत नाही, दाखवतो.

नावावरून आणखी एक गोष्ट सुचते. पहिल्या चित्रपटात ‘कॉर्लिओनी’ हा शब्द एखाद्या राजमुद्रेसारखा येतो. दुसऱ्यात कळते की ते त्या पोराचे आडनावच नव्हते. तो अंडोलिनी, कॉर्लिओनी हे त्याच्या गावाचे नाव, एलिस बेटावरच्या एका कारकुनाने घाईत लिहून टाकलेले. ज्या घराण्याच्या नावासाठी पुढे एवढे रक्त सांडले ते नाव एका नोंदवहीतल्या चुकीतून आले, एवढ्या एका प्रसंगाने पहिल्या चित्रपटाचे अर्धे वैभव उतरते.

हिंसेचेही तसेच. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस बारशाचे मंत्र आणि हत्या एकमेकांत गुंफलेल्या आहेत, आणि तो मॉन्टाज कितीही भयंकर असला तरी त्यात एक विजयाचा ठेका आहे: शत्रू खरे आहेत, डाव अचूक पडतो आहे. दुसऱ्याच्या अखेरीसही तीन मृत्यू जवळजवळ एकाच वेळी घडतात. पण मायकलचा भागीदार आणि शत्रू हायमन रॉथ मरणाच्या दारातच असलेला म्हातारा आहे, पेंटँजेली तुरुंगवजा पहाऱ्यात स्वतःच शिरा कापून घेतो आणि फ्रेडो मासे पकडताना प्रार्थना म्हणत असतो. यांतला एकही मृत्यू आवश्यक नव्हता. कुटुंबाचा वकील टॉम हेगन तसे विचारतोही. ठेका तोच, पण विजय कशावर हे सांगता येत नाही.

व्हिटोच्या धाग्याने हा फरक आणखी ठसवला. तो वस्तीतल्या खंडणीखोर फनुचीचा खून करतो, छपरांवरून उतरतो, जत्रेच्या गर्दीतून घरी येतो आणि पायऱ्यांवर बसून तान्ह्या मायकलला मांडीवर घेतो. खुनी हात आणि मांडीवरचे मूल एका चौकटीत आहेत. पहिल्या चित्रपटाच्या प्रेक्षकाला बाप उदात्त आणि मुलगा क्रूर अशी वाटणी सोयीची वाटत होती. ही चौकट ती वाटणी पुरती मोडत नाही, पण तिला तडा नक्की देते. रॉबर्ट डी निरो यांनी ही भूमिका बहुतांशी सिसिलियन बोलीत केली आणि ब्रँडो यांची नक्कल न करता त्यांच्या लकबींची फक्त चाहूल दिली, म्हणून हा तडा विश्वसनीय वाटतो.

आता उणे बाजू. गोष्ट म्हणून पहिला चित्रपट निःसंशय श्रेष्ठ आहे. त्यात कोण कोणाला का मारतो याबद्दल प्रेक्षकाच्या मनात शंका उरत नाही. दुसऱ्यात रॉथचा डाव इतका गुंतागुंतीचा आहे की मायकलच्या शयनगृहावर गोळीबार नेमका कोणाच्या मदतीने झाला, पेंटँजेलीच्या गळ्याभोवती फास टाकणाऱ्याने मायकलचे नाव का घेतले, हे दोनदा पाहूनही धडपणे उलगडत नाही. काही समीक्षक या धूसरतेला खोली समजतात. मला ती पटकथेतली सैल शिवण वाटते. शिवाय पहिला पाहिल्याशिवाय दुसरा उभा राहत नाही. पहिल्याला मात्र दुसऱ्याची गरज नाही. यांपैकी मोठा कोणता, असे विचारले तर माझे उत्तर असे की पहिला पुन्हा पाहावासा वाटतो आणि दुसऱ्याबद्दल पुन्हा बोलावेसे वाटते.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक जवळचे उदाहरण आहे. राम गोपाल वर्मा यांनी २००५ मध्ये ‘सरकार’ काढला, मुंबईतल्या सुभाष नागरे या सत्ताधीशाची गोष्ट सांगितली आणि ‘गॉडफादर’चे ऋण आरंभीच मान्य केले. २००८ मधल्या ‘सरकार राज’ने मात्र दुसऱ्या ‘गॉडफादर’चा मागे जाण्याचा मार्ग घेतला नाही, ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका वीजप्रकल्पाभोवती त्याने कथा पुढे नेली. विषय आपल्या मातीतला आणि खरा होता, परंतु नागरे मुळात कोण, तो ‘सरकार’ झाला कसा, हे कुतूहल तसेच राहून गेले.

परिणाम

दुसरा भाग डिसेंबर १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. लांबी सुमारे ३ तास २० मिनिटे. पहिली प्रतिक्रिया संमिश्र होती. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅनबी यांनी उरलेल्या तुकड्यांतून शिवलेल्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची उपमा दिली. समीक्षक रॉजर एबर्ट यांनाही दोन काळांची गुंफण अडथळ्याची वाटली, जरी पुढे त्यांनी याच चित्रपटाला थोर चित्रपटांच्या आपल्या यादीत स्थान दिले. पॉलिन केल यांनी मात्र सुरुवातीलाच भरभरून कौतुक केले. अमेरिकेतली कमाई पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी झाली, आणि तरीही चित्रपट नफ्यात राहिला.

एप्रिल १९७५ च्या ऑस्कर सोहळ्यात ११ नामांकनांपैकी सहा पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शन, सहायक अभिनेता म्हणून डी निरो, रूपांतरित पटकथा, संगीत आणि कलादिग्दर्शन. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळवणारा हा पहिलाच सिक्वेल. त्या वर्षी त्याच पुरस्काराच्या शर्यतीत कपोलांचाच ‘द कॉन्व्हर्सेशन’ही होता. एकाच पात्रासाठी दोन वेगळ्या नटांना ऑस्कर मिळण्याचा प्रसंगही पहिल्यांदाच घडला. ज्या पचिनो यांच्या खांद्यावर सगळा चित्रपट उभा आहे त्यांना मात्र नामांकनावरच समाधान मानावे लागले.

वेगळे काय करता आले असते

अशा अभ्यासांत हा विभाग सहसा कल्पनेवर चालतो. येथे एका प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष उपलब्ध आहे. दोन्ही काळ सरळ क्रमाने लावले असते तर काय झाले असते? १९७७ मध्ये एनबीसी वाहिनीसाठी दोन्ही चित्रपटांचे प्रसंग, वगळलेल्या भागांसह, कालानुक्रमाने जोडून चार रात्रींत दाखवले गेले. हे पुनर्संकलन बॅरी माल्किन यांनी केले. गोष्ट समजायला त्यामुळे नक्कीच सोपी झाली. परंतु व्हिटोची गोष्ट एकदा संपून गेली की ती मायकलच्या गोष्टीवर सावली टाकू शकत नाही. मांडीवरचे मूल आणि तळ्याकाठचा एकाकी माणूस यांत कित्येक तासांचे अंतर पडते. चाचणी खेळात गोंधळलेल्या प्रेक्षकांची तक्रार खरी होती, आणि ती पूर्णपणे दूर केली असती तर चित्रपटच दूर झाला असता.

कॅस्टेलानो यांच्याशी बोलणी टिकवता आली असती का, याचा विचार व्हायला हवा. तिसऱ्या भागाच्या वेळी रॉबर्ट ड्युवॉल यांच्याशी मानधनावरून असेच फाटले आणि टॉम हेगनला मेलेला दाखवावे लागले. दोन्ही वेळा पात्र नाहीसे करण्याचा उपाय एकच होता. पहिल्या वेळी त्यातून पेंटँजेली मिळाला. दुसऱ्या वेळी मायकलशी डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकणारा शेवटचा माणूस गेला आणि त्याच्या जागी तेवढ्या तोलाचे कोणी आले नाही.

तिसरा भाग डिसेंबर १९९० मध्ये आला. ‘वन फ्रॉम द हार्ट’ या १९८२ मधल्या चित्रपटाच्या अपयशानंतर कपोला पुन्हा कर्जात होते, जसे ते पहिल्या भागाच्या वेळी होते. पण दुसऱ्या भागाच्या वेळी नकार देण्याची जी ऐपत त्यांच्यापाशी होती ती या वेळी नव्हती. कपोला आणि पुझो यांना त्या चित्रपटासाठी ‘मायकल कॉर्लिओनीचा मृत्यू’ असे नाव हवे होते. १९७४ मध्ये ज्या स्टुडिओने आकड्याला विरोध केला होता, त्याच स्टुडिओने आता आकड्याचाच आग्रह धरला. कपोलांनी त्या चित्रपटाचे पुनर्संकलन करून आपल्याला हवे होते ते नाव त्याला दिले ते २०२० मध्ये, तीस वर्षांनी.